"ओ ताई, ओढणी!" रस्त्यावर कुणी असं ओरडून तुम्हाला वाचवलंय का?

पौडरोडवाली
काल संध्याकाळी नळस्टॉपच्या सिग्नलला पुढच्या स्कूटरवर दोन मुली होत्या. मागचीची ओढणी चाकाला टेकत होती. मी काही बोलायच्या आत शेजारचे रिक्षावाले काका ओरडले, "ओ ताई, ओढणी!" तिने ओढून गाठ मारली, सिग्नल सुटला, सगळे गेले. पण मला आई आठवत राहिली.

मी शाळेत होते तेव्हाची गोष्ट. काका आईला लुनावरून मंडईत नेत होते. आई एका बाजूला पाय सोडून बसलेली, मांडीवर पिशव्या, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला. टिळक रस्त्यावर तो मागच्या चाकात गेला. आई मागे ओढली जाऊन पडली आणि पदर गळ्याशी आवळत चालला. समोरचे टेलर कात्री घेऊन धावत आले, पदर कापला, म्हणून ती वाचली. डोक्याला टाके पडले, खांदा निखळला. त्या टेलरकडे आई दर दिवाळीला फराळ घेऊन जायची, त्यांचं दुकान बंद होईपर्यंत.

मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकलेला हवा, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांत लिहिलंय, नियम 123. आपण साडीगार्ड म्हणतो तेच. तरी नवी गाडी घरी आली की पोरं आधी तेच काढतात, दिसायला बरं नाही म्हणून. काढू नका हो, खरंच.

तुमचेही अनुभव लिहा.

वाहनवेडा
लुना!! आमच्याकडे अजून आहे, बाबा दर दसऱ्याला हार घालतात. बाकी नंतर लिहितो, मीटिंग सुरू होतेय.

जुईचीआई
बाप रे, वाचतानाच गळ्याशी हात गेला. आई आता कशा आहेत?

पौडरोडवाली
छान आहे गं. 78 वर्षांची. गाडीवर बसायचं म्हटलं की आधी पदर कमरेला खोचते आणि मग सगळ्या सुनांचे तपासते.

हडपसरकर
"स्टँड! स्टँड!" वाल्यांना विसरू नका. मगरपट्ट्याला वळताना एका काकांनी किलोमीटरभर पाठलाग करून सांगितलं होतं. मला वाटलं भांडायला येतायत. डावीकडे वळताना खाली राहिलेला स्टँड रस्त्याला घासतो आणि गाडी उचलली जाते. आता बऱ्याच नव्या गाड्या स्टँड खाली असला की सुरूच होत नाहीत, ते फार बरं झालं.

रात्रपाळी
मी कॅज्युअल्टीत काम करते. नाव-गाव सांगत नाही. ओरडून सांगणाऱ्यांनो, अजून एक ओरडा: "पट्टा लावा!" हेल्मेट डोक्यावर आणि पट्टा मोकळा असे पेशंट येतात. पडल्यावर हेल्मेट आधी उडतं, मग डोकं आपटतं. पट्ट्याखाली दोन बोटं जातील इतपतच सैल ठेवा. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून चांगलं दिसलं तरी टाकून द्या, आतला थर्माकोल दबलेला असतो, तो परत फुगत नाही. नीट घातलेल्या हेल्मेटने मोटारसायकलवाल्यांच्या डोक्याच्या दुखापती सुमारे 69 टक्के आणि मृत्यू 42 टक्के कमी होतात. पुण्यात हेल्मेटविरुद्ध मोर्चे निघाले तेव्हा मी वॉर्डातच होते, फार वाईट वाटायचं.

आणि पडलेल्याला पाणी पाजू नका. शुद्ध अर्धवट असेल तर ते श्वासनलिकेत जातं. घडी घालून रिक्षात कोंबू नका, मान हलते. 108 ला फोन करा, तोवर स्वच्छ कापडाने रक्त येतंय तिथे दाबून धरा. निघते, राउंड आहे.

एकटासायकलवाला
@रात्रपाळी, मदत केली तर पोलीस चौकीच्या चकरा मारायला लागतात म्हणून लोक थांबत नाहीत.

रात्रपाळी
आता तसं नाही. 2016 ला सुप्रीम कोर्टाने मार्गदर्शक सूचना लागू केल्या आणि 2019 ला कायद्यातच कलम 134अ आलं. नावसुद्धा सांगायची सक्ती नाही. थांबा, प्लीज थांबा.

आंबेगावपठार
आम्ही नवले पुलाजवळ राहतो. ब्रेकचा आवाज आला की घरात सगळे गप्प होतात. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये एकाच ट्रकने 40 हून जास्त गाड्या उडवल्या, तेव्हा भाऊ सर्व्हिस रोडवर होता. एक भेळवाला हातातलं फडकं हलवत "बाजूला व्हा" ओरडत पळत आला, म्हणून भाऊ कडेला झाला. त्याला नंतर खूप शोधलं, सापडला नाही.

मामा ट्रक चालवायचे. ते सांगायचे, कात्रजच्या नव्या बोगद्यातून खाली येताना डिझेल वाचवायला न्यूट्रल करतात, मग इंजिनाचा अडकाव राहत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो आणि ते तापून निकामी होतात. ज्या गिअरने चढ चढलात त्याच गिअरने उतरा, हे त्यांचं वाक्य. चार लिटर डिझेलसाठी माणसं मरतात हो.

जुईचीआई
अंगावर काटा आला. भाऊ सुखरूप आहे ना?

आंबेगावपठार
हो, गेल्या महिन्यात लग्न झालं त्याचं 😊

वाहनवेडा
अरे वा, अभिनंदन! आलो मी. माझा अनुभव कारच्या दाराचा. डेक्कनला पार्क केलेल्या गाडीचं दार अचानक उघडलं, मागून एक आजोबा "ए दाऽऽर" ओरडले आणि मी ब्रेक मारला. चारचाकीवाल्यांनो, उजवीकडे बसता ना, दार डाव्या हाताने उघडा. आपोआप खांदा वळतो आणि मागची गाडी दिसते. मुलांनाही शिकवलंय, ते तर मलाच ओरडतात आता.

हडपसरकर
डाव्या हाताने! आत्ता खाली जाऊन करून बघतो.

जुईचीआई
जरा विषयांतर. मुलगा पाच वर्षांचा आहे, त्याच्यासाठी हेल्मेट कुठलं घेऊ? सासरे म्हणतात, लहान मुलांना लागत नाही.

रात्रपाळी
कायद्याने चार वर्षांवरच्या सगळ्यांना लागतं. चारच्या आतल्यांनाही हेल्मेट आणि चालवणाऱ्याला बांधणारा पट्टा हवा, वेग 40 च्या आत. मोठ्यांचं हेल्मेट देऊ नकोस, डोळ्यांवर घसरतं. शिवणाची टेप भुवयांच्या जरा वरून गोल फिरवून माप घे आणि आयएसआयचा शिक्का बघ.

जुईचीआई
51 सेंमी भरलं. शनिवारी दुकानात त्यालाच घेऊन जाते, घालून मान हलवून बघू दे. सासऱ्यांनाही नेते सोबत.