पाचवा महिना, ठाणे–ऐरोली लोकल आणि कुर्त्यांचा घोळ

गोखलेरोडकर: पाचवा महिना चालू आहे, तारीख सप्टेंबरातली. रोज ठाण्याहून ऐरोलीला लोकल, तिथे दिवसभर एसी. जुन्या कुर्त्या पोटावर ताणतात, दोन साइज मोठ्या घेतल्या तर खांद्यावरून ओघळतात. मॅटर्निटीचेच कपडे घ्यावेत की टेलरकडून काम भागेल? आणि पँट पोटावरची की पोटाखालची?

सुईदोरा: ओघळणारच. गरोदरपणात छाती आणि पोट वाढतं, खांदा जवळपास तेवढाच राहतो. मोठ्या साइजमध्ये खांदा, मुंढा, गळा सगळंच वाढतं, म्हणून साइज नाही, आकार बदल. छातीच्या लगेच खाली कट आणि तिथून घेर, असा कुर्ता बघ. मॅटर्निटी म्हणून विकतात त्याचा साइज बहुधा आधीच्या मापाचाच असतो, एरवी एम असेल तर एमच घालून बघ. पुढची बाजू मागच्यापेक्षा दोनतीन इंच लांब हवी, नाहीतर आठव्या महिन्यात कुर्ता पुढून वर उचललेला दिसतो.

जुन्या कुर्त्यांना दोन्ही बाजूंना कळी घालून घे. काखेखालून सुरू होऊन खाली सहा इंच रुंद. पोटापाशी ती जेमतेम तीन इंच भरते, म्हणजे दोन्ही मिळून सहा. टेलर कमरेपासून कळी लावायला बघतात, त्याने पोटाला काहीच मिळत नाही, फक्त खाली झालर होते. बाजूचे कट मात्र बंद होतील, ते आधी ठरव.

नेफा_नाडा: पँटचं सांगते. पोटावर येणारी पट्टी छातीखालपर्यंत पोचायला हवी. अर्ध्या पोटावर संपली की बसल्यावर गुंडाळून खाली येते. वरच्या कडेला बारीक कडक इलॅस्टिक असेल तर घेऊच नकोस, वळ उठतात. पण ती जाड होजिअरीची पट्टी मे महिन्यात घामाने चिकटते आणि जुलैत दोन दिवस वाळत नाही. त्यामुळे एसीसाठी तशा दोन, बाकी पोटाखाली बसणाऱ्या.

जुन्या सलवारीच्या नेफ्यातून नाडा काढून काजं असलेलं इलॅस्टिक ओव, आत एक बटण. पोट वाढेल तसं एकेक काज सैल करायचं. नाड्याची गाठ एकाच जागी रुतते, खरा त्रास तिचाच.

दुकानात आरशासमोर उभं राहून काही कळत नाही. खाली बस, वाक, आणि लोकलचा हँडल धरल्यासारखा हात वर कर. कुर्ता पोटावर चढला तर तिथेच ठेवून ये.

कापडचोपड: वरच्या दोघींनी कापड सोडलं. रेयॉन अंगाला गार लागतं, पण पहिल्या धुण्यात आटतं. टेलरकडे द्यायच्या आधी भिजवून वाळव. लेगिंगला ९५ टक्के सुती, ५ टक्के स्पॅन्डेक्स पुरे. पॉलिएस्टर क्रेप वाळतं पटकन, पण आपल्या दमट हवेत मांड्यांना घासून पुरळ येतं.

ब्रा मोठ्या कपची म्हणून आत्ताच ढीगभर घेऊ नकोस, माप अजून बदलेल. सध्या पट्टा तंग होत असेल तर हुकांचा एक्स्टेंडर लाव. फीडिंग ब्रा आठव्या महिन्याच्या शेवटी, तीही सर्वात सैल हुकावर नीट बसणारी: बाळंतपणानंतर बरगड्यांचा घेर उतरतो, तेव्हा आतल्या हुकांवर जाता येतं. तारेची नकोच.

गोखलेरोडकर: खूप उपयोगी! सातव्यात डोहाळजेवण आहे, पोलकं आत्ता शिवू का?

सुईदोरा: कापड आत्ता घे, माप कार्यक्रमाच्या दहा दिवस आधी. दोन्ही बाजूंना दीड इंच कापड आत दाबून ठेवायला सांग, हुक पुढेच. परकराचा नाडा पोटाखाली बांधायचा आणि निऱ्या तिथेच खोचायच्या. मग साडी पुढून आखूड होत नाही.

नेफा_नाडा: आणि पदर मोकळा सोडू नकोस, जिन्यात पायात येतो.