बांगाई कार्डिनलच्या नराने तोंडात अंडी घेतली आहेत, आता पुढे काय करू?

खारंपाणी_ठाणे:
३ × १.५ × १.५ फुटांचा टँक आहे. त्यात बांगाई कार्डिनल या सागरी माशाची (याचा नर अंडी तोंडात उबवतो) जमलेली जोडी आणि दोन क्लाउनफिश आहेत. तापमान २६ अंश, स्पेसिफिक ग्रॅव्हिटी (पाण्याच्या खारेपणाचं माप) १.०२५, नायट्रेट १० च्या आसपास. सहा दिवसांपासून नर खात नाही. जबडा खाली लोंबल्यासारखा चौकोनी दिसतो आणि मादी त्याच्या भोवतीने क्लाउनना हाकलते. याआधीची अंडी दोन-तीन दिवसांत नाहीशी झाली होती. यावेळी पिल्लं वाढवायचीच आहेत. नराला कधी हलवू? कशात हलवू? आणि पिल्लांना पहिल्या दिवशी काय घालू?

रीफकट्टा:
सहा दिवस टिकला म्हणजे अवघड टप्पा बहुतेक सरला. नवखा नर पहिल्या काही खेपांना अंडी गिळतो किंवा थुंकून टाकतो. त्यात काळजीचं काही नाही, जोडी मोडू नका. मात्र आता टँकमध्ये हात घालणं, दगड हलवणं पूर्ण बंद ठेवा. नराला खायला लावण्याची खटपटही नको. त्याचा हा उपास साधारण महिनाभर चालतो.

२६-२७ अंशांना अंडी २० दिवसांच्या आसपास फुटतात. पण पिल्लं लगेच बाहेर येत नाहीत, आणखी सहा ते दहा दिवस बापाच्या तोंडातच राहतात. क्लाउनच्या पिल्लांसारखी पाण्यात तरंगत फिरण्याची अळी-अवस्था या माशाला नाही. बाहेर पडणारं पिल्लू जेमतेम ८ मिलिमीटरचं, पण काळे पट्टे आणि लांब पर असलेला पुरा बांगाईच असतो. म्हणून घरच्या टँकमध्ये वाढवायला सागरी माशांत याच्याइतका सोपा मासा क्वचितच सापडेल.

दिवस मोजण्यात चूक होतेच, म्हणून तोंडाकडे बघा. नर मधूनमधून जबडा उघडून अंड्यांचा गोळा फिरवतो. सुरुवातीला आत केशरी दाणे दिसतात. पुढे त्याच जागी चंदेरी डोळे चमकायला लागतात. डोळे स्पष्ट दिसले आणि विसावा दिवस उलटला की हलवायचं.

जाळी अजिबात वापरू नका, जाळीत अडकला की तो सगळं थुंकतो. रात्री दिवे बंद झाल्यावर तासाभराने, मंद लाल टॉर्चच्या उजेडात, दोन लिटरचा पारदर्शक जग आडवा धरून पाण्याखाली न्या आणि दुसऱ्या हाताने नराला सावकाश त्यात वळवा. तो पाण्याबाहेर येता कामा नये. पिल्लांच्या टँकमध्ये मोठ्या टँकचंच पाणी भरलेलं असेल तर तापमान जुळवून जग तसाच बुडवून सोडून द्या.

तो टँक ४० लिटरचा पुरे. तळाशी वाळू नको, तीन बाजूंना बाहेरून काळा कागद. स्पंज फिल्टर आजच मोठ्या टँकच्या संपमध्ये (पाणी गाळण्याच्या जोडटाकीत) टाकून ठेवा, म्हणजे तोवर त्यात अमोनिया संपवणारे जिवाणू धरतील. कोरा स्पंज लावला तर अमोनिया चढतो आणि पिल्लं पहिल्याच आठवड्यात जातात. हवा इतकी मंद सोडा की बुडबुडे मोजता आले पाहिजेत.

पिल्लं बाहेर पडली की नराला त्याच दिवशी काढा. भुकेला बाप स्वतःचं पिल्लू ओळखत नाही. त्याला तीन-चार आठवडे मादीपासून वेगळा, निदान जाळीच्या आडोशापलीकडे ठेवा आणि दिवसातून तीनदा थोडं थोडं मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव, गोठवलेले मिळतात) द्या. ताजा ओला जवळा मिळाला तर धुऊन, गोठवून तोही चालेल. लगेच मादीजवळ सोडलात तर ती पुन्हा अंडी देते आणि पाठोपाठच्या उपासांनी नर खंगतो.

आर्टेमिया_पुणे:
खाण्याबद्दल लिहितो, कारण बांगाईची पिल्लं बहुतेक इथेच मरतात. तीही उपाशी राहून नव्हे, चांगली खाऊन.

पहिल्या दिवसापासून ती ताजा फुटलेला आर्टेमिया (सुक्या अंड्यांतून घरी काढता येणारी खाऱ्या पाण्यातली बारीक कोळंबी) खातात, त्याहून सूक्ष्म अशा रोटिफर जीवांची गरज नाही. दोन लिटरची शीतपेयाची बाटली बूड कापून उलटी टांगा. दीड लिटर पाणी, लिटरला २५ ते ३० ग्रॅम मीठ, २८ अंश तापमान, सतत उजेड. हवेची कडक नळी थेट बुचापर्यंत न्या. एअरस्टोन नको, त्याच्या बारीक फेसात अंडी अडकून बाटलीच्या काठाला चिकटतात. ३०-४० पिल्लांना रोज अर्धा ग्रॅम आर्टेमियाची अंडी भरपूर झाली. २४ तासांनी हवा बंद करून तळाशी टॉर्च लावा. दहा मिनिटांत जिवंत आर्टेमिया खाली येतो आणि टरफलं वर तरंगतात. खालचा केशरी थर तेवढा नळीने ओढून बारीक कापडात गाळून घ्या. टरफलं पिल्लांच्या टँकमध्ये जाऊ देऊ नका. ती पचत नाहीत आणि तळाशी कुजतात.

आता मुद्द्याचं. नुसत्या आर्टेमियात डीएचए (पिल्लांना लागणारं एक ओमेगा-३ मेदाम्ल) जवळजवळ नसतं. त्यावर वाढलेली पिल्लं दोन-तीन आठवडे गुटगुटीत दिसतात. मग एके सकाळी दिवा लागतो किंवा झाकण आपटतं आणि पिल्लू गिरकी घेऊन तळाला पडतं, धापा टाकतं, मरतं. पाणी तपासलं तर सगळं ठीक निघतं. हा धक्का म्हणजे या मेदाम्लांच्या कमतरतेचं लक्षण आहे. ते दिसल्यावर उपाय करायला उशीर झालेला असतो, म्हणून सुरुवातीपासूनच पोषण चढवा.

ताजा फुटलेला आर्टेमिया काहीच खात नाही, त्याचं तोंड उघडलेलं नसतं. पहिली कात टाकल्यावर, म्हणजे सात-आठ तासांनी, तो खायला लागतो. म्हणून तो स्वच्छ खाऱ्या पाण्यात हवेसह ठेवून त्यानंतर सेल्कॉन (मेदाम्लांचं तयार द्रावण) किंवा डीएचए असलेलं दुसरं द्रावण बाटलीवरच्या मात्रेने घाला. १२ तासांनी गाळून, नीट धुऊन मगच खायला द्या. न धुता टाकलात तर पाण्यावर तेलाचा तवंग येतो. उरलेला फ्रिजमध्ये एक दिवस राहतो. एका वेळी दोन बाटल्या चालू असल्या की रोजचं चक्र तुटत नाही.

दिवसातून तीन-चार वेळा द्या. अर्ध्या तासात संपेल एवढाच. पोटं केशरी दिसली पाहिजेत. चौथ्या आठवड्यापासून गोठवलेले सायक्लॉप्स (पाण्यातले सूक्ष्म कवचधारी जीव) आणि बारीक चिरलेलं मायसिस मिसळत जा. रोज तळ ओढून १५ टक्के पाणी बदला आणि वाफेने उडालेलं पाणी गोड्या आरओ पाण्यानेच भरा.

खारंपाणी_ठाणे:
खूप आभार. पिल्लांना लपायला खरा सी अर्चिन (अंगभर काटे असलेला सागरी जीव) ठेवावा का? आणि वेगळ्या टँकऐवजी मोठ्या टँकमध्येच ब्रीडर बॉक्स (पिल्लं वेगळी ठेवायची छोटी पेटी) टांगला तर?

सागरतळ:
इंडोनेशियातल्या बांगाई बेटांजवळ ही पिल्लं डायडेमा या लांब काट्यांच्या अर्चिनच्या काट्यांत राहतात, म्हणून हा प्रश्न नेहमी येतो. ४० लिटरच्या नव्या, शेवाळ नसलेल्या टँकमध्ये खरा अर्चिन उपाशी मरतो आणि सोबत सगळं पाणी नासवतो. नकली करा. दीड इंची पीव्हीसी एंड कॅपला (पाइपच्या टोकाला बसवायच्या झाकणाला) ३०-४० बारीक छिद्रं पाडून त्यांतून १५-२० सेंटीमीटरचे काळे नायलॉन केबल टाय बाहेर काढायचे. डोकी आतल्या बाजूला राहतील, ती ॲक्वेरियमच्या इपॉक्सीने बुजवायची. धातूची पट्टी असलेले टाय घेऊ नका. इपॉक्सी पूर्ण सुकल्यावर दिवसभर पाण्यात भिजवून मग वापरा. पिल्लं पहिल्याच दिवशी काट्यांमध्ये उभी राहतात आणि एका जागी असल्यामुळे त्यांना खाऊ घालणंही सोपं जातं.

ब्रीडर बॉक्सबाबत माझं मत थोडं वेगळं आहे. वेगळ्या टँकची तयारी नसेल तर बॉक्स बरा, कारण पाणी स्थिर राहतं. अडचण जाळीची आहे. पिल्लं अडतील अशा जाळीतून आर्टेमिया निसटतो आणि आर्टेमिया अडेल इतकी बारीक जाळी दोन दिवसांत बुजते. जाळीचा न घेता टँकच्या काचेला बाहेरून टांगायचा ॲक्रिलिकचा घ्या आणि खाऊ घालताना अर्धा तास पाण्याचा प्रवाह बंद करा.

रीफकट्टा:
बॉक्सला हरकत नाही, फक्त क्लाउन आणि मुख्य टँकचा दिवा दोन्हींपासून आडोसा करा. वीज जात असेल तर बॅटरीवरचा एअर पंप आजच आणून ठेवा.

दुकानातून नवा बांगाई आणणार असाल तर चार आठवडे वेगळा ठेवल्याशिवाय या टँकमध्ये सोडू नका. पकडून आणलेल्या माशांत इरिडोव्हायरस आढळतो. मासा काळवंडतो, सुस्तावतो, खाणं सोडतो आणि त्यावर औषध नाही. २००७ पासून हा मासा आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत संकटग्रस्त आहे. अळी-अवस्था नसल्याने पिल्लं जन्मलेल्या खडकाच्या आसपासच राहतात, त्यामुळे एका जागचे मासे उपसले की ती जागा सहजी पुन्हा भरत नाही. घरी वाढवलेलं एकेक पिल्लू म्हणूनच मोलाचं आहे.

वाढलेली पिल्लं प्रौढ होईपर्यंत एकत्र ठेवू नका. साधारण आठ महिन्यांनी जोड्या जमतात आणि उरलेल्यांना मारून टाकेपर्यंत छळतात. त्याआधीच, दोन-अडीच सेंटीमीटरची होऊन गोठवलेलं मायसिस खायला लागली की सहा-सहाच्या गटांत देऊन टाका. घेणाऱ्याला बजावा की जोडी जमली की बाकीचे बाहेर काढायचे.