टाइमशेअरचे पॉइंट : आत्ता किती घ्यावे, पुढे किती? अनुभव लिहा

गेले दोन महिने आमच्या जेवणाच्या टेबलावर एक वही उघडी पडलेली आहे. पानावर तीन आकडे आहेत : १००, १५०, २२०. मुली झोपल्या की आम्ही दोघं बसतो, बेरजा-वजाबाक्या करतो आणि काहीच न ठरवता उठतो.

डिस्ने व्हेकेशन क्लबचे (डिस्नेच्या रिसॉर्टमध्ये दरवर्षी काही दिवस राहण्याचा हक्क विकत घ्यायचा, म्हणजे टाइमशेअर) पॉइंट घ्यायचे, हे पक्कं आहे. दोनदा दुसऱ्या सभासदांचे पॉइंट भाड्याने घेऊन ऑरलँडोला राहून आलो. पॉइंटमागे वीस डॉलरच्या आसपास पडले. राहणं मनापासून आवडलं. त्यामुळे प्रश्न 'घ्यावे का' हा नाही, 'किती आणि केव्हा' हा आहे.

ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते. दरवर्षी ठरलेले पॉइंट खात्यात येतात आणि त्यांतून खोली घ्यायची. सप्टेंबरात कमी लागतात, नाताळ-ईस्टरला खूप. शुक्रवार-शनिवारच्या रात्री महाग, बाकीच्या स्वस्त. वन बेडरूमला स्टुडिओच्या, म्हणजे एकाच खोलीच्या, साधारण दुप्पट लागतात. न वापरलेले पॉइंट पुढच्या वर्षात 'बँक' करता येतात आणि पुढच्या वर्षाचे आज उसने घेता येतात. वापरा न वापरा, प्रत्येक पॉइंटमागे दरवर्षी ड्यूज, म्हणजे देखभालीचा खर्च, भरावे लागतात. आम्ही बघतोय त्या ऑरलँडोच्या साराटोगा स्प्रिंग्ज रिसॉर्टला ते आठ डॉलरच्या आसपास आहेत. म्हणजे १५० पॉइंटना वर्षाला बाराशे डॉलर, आणि हा आकडा वाढतच जाणार.

आमच्या मुली नऊ आणि पाच वर्षांच्या. शाळेच्या स्प्रिंग ब्रेकमध्ये स्टुडिओत आठवडा राहायचं तर दीडशेच्या आसपास लागतात. पण एक वर्षाआड आम्ही भारतात जातो. आणि कोल्हापूरहून सासू-सासरे आले की स्टुडिओत सहा माणसं मावत नाहीत. आज २२० घेतले तर पैसे अंगावर येतात. आज १०० घेतले तर पुढे भाव चढतील ही धास्ती. ज्यांनी घेतलेत, विकलेत किंवा घ्यायचे टाळलेत, त्या सगळ्यांनी लिहावं.

(एडिसन, न्यू जर्सी)

• • •

तुमचा प्रश्न वाचला आणि आमचं २०१७ साल आठवलं. आम्हीही दीडशेवरच अडलो होतो. मग एका मित्राने विचारलं, "तुम्ही भारतात जाता त्या वर्षी या पॉइंटचं काय करणार?" त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. त्या एका प्रश्नावर आम्ही शंभरावर आलो.

आमचं चक्र असं बसलं. ज्या वर्षी भारत, त्या वर्षीचे १०० बँक करायचे. पुढच्या वर्षी हातात २००, त्यात स्टुडिओ निवांत होतो, चार जास्त रात्रीही मिळतात. आणि आई-बाबा येणार असतील तेव्हा मागच्या वर्षाचे, चालू वर्षाचे आणि पुढच्या वर्षाचे उसने असे तिन्ही मिळून ३००. २०२२च्या सप्टेंबरात त्यावर अॅनिमल किंगडमच्या किडानी व्हिलेजमध्ये, जिथे खोल्यांसमोर प्राणी मोकळे फिरतात त्या रिसॉर्टमध्ये, टू बेडरूम घेतली. रविवार ते शुक्रवार, पाच रात्री. मुलगा तेव्हा तीन वर्षांचा, शाळेची अडचण नव्हती.

बाबा रोजच्यासारखे पाचला उठले, अंघोळ झाली, स्तोत्रं म्हणून झाली आणि अंधारातच बाल्कनीत जाऊन बसले. आईने आतल्या पूर्ण स्वयंपाकघरात आलं ठेचून चहा केला. उजाडल्यावर समोरच्या माळावर जिराफ चालत आला. बाबांनी हातातला कप तसाच धरून ठेवला, चहा गार झाला तरी. साताऱ्याला फोन करून काकांना सांगताना त्यांचा आवाज चढला होता. पॉइंट कशासाठी घेतले असं मला कुणी विचारलं तर मी ती सकाळ सांगते.

तेव्हा गरज मोजताना 'एका ट्रिपला किती' असं मोजू नका, 'तीन वर्षांत मिळून किती' असं मोजा. मराठी घरांत तीन वर्षांत एक भारत, एक आई-वडिलांची फेरी आणि एक आपली आपली सुट्टी असते. कमी पडलं तर त्या एका वर्षापुरते भाड्याने घ्या. कमी पडल्याचा खर्च एकदाच होतो, जास्त असल्याचा खर्च दरवर्षी येतो.

(डॅलस)

• • •

वरच्या ताईंचं पटतं, तरी दुसरी बाजू मांडतो. आम्ही 'आत्ता थोडे, पुढे बघू' म्हणून रिसेलमध्ये, म्हणजे जुन्या सभासदाकडून, ५० पॉइंटचं काँट्रॅक्ट घेतलं. दोन वर्षांनी आणखी ५०, मग आणखी ६०. बाजारात छोट्या काँट्रॅक्टना पॉइंटमागे भाव जास्त मोजावा लागतो, कारण सगळे तेच शोधत असतात. शिवाय कागदपत्रांचा खर्च प्रत्येक वेळी वेगळा, आम्हाला दर वेळी पाच-सहाशे डॉलर पडले. पन्नास पॉइंटवर सहाशे म्हणजे पॉइंटमागे बारा डॉलर वाढलेच. सुरुवातीलाच १६० एकदम घेतले असते तर आज बरेच पैसे हातात असते. थोडे घ्यावेत, पण फार तुकडे करू नयेत.

(शार्लट, नॉर्थ कॅरोलिना)

• • •

आकड्याइतकंच 'यूज इयर' बघा. ही गोष्ट मला कुणी आधी सांगितली असती तर फार बरं झालं असतं.

प्रत्येक काँट्रॅक्टचं वर्ष एका ठरलेल्या महिन्यात सुरू होतं, आणि वर्षाच्या पहिल्या आठ महिन्यांतच पॉइंट बँक करता येतात. आमचं वर्ष जूनचं. म्हणजे ३१ जानेवारी ही शेवटची तारीख. आम्ही जातो एप्रिलमध्ये, शाळेच्या सुट्टीत. काँट्रॅक्ट घेताना भाव बघितला, हे बघितलंच नाही.

२०२३ला एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात वडिलांना मिरजेच्या दवाखान्यात दाखल केल्याचा फोन आला. चेक-इनला बारा दिवस होते. त्याच रात्री सगळं रद्द केलं आणि शिकागोहून मुंबईचं विमान पकडलं. वडील बरे झाले, हे आधी सांगते. पण आमचे १३४ पॉइंट गेले. तीस दिवसांच्या आत रद्द केलं की पॉइंट वेगळ्या खात्यात पडतात आणि त्यांवर पुढच्या साठ दिवसांतलीच खोली घेता येते. आमचे तर ३१ मेला संपणार होते. मी तेव्हा मिरजेत आयसीयूच्या बाहेर बाकावर बसलेली. बँक करायची तारीख दोन महिने आधीच उलटून गेली होती. हेच यूज इयर डिसेंबरचं किंवा फेब्रुवारीचं असतं तर ते निदान मेअखेर संपले नसते. त्या वेगळ्या खात्यातले पॉइंट बँक करता येत नाहीत, पण परत आल्यावर वापरता तरी आले असते.

ज्यांचे आई-वडील तिकडे आहेत, त्यांनी हे आधी बघावं. ट्रिप यूज इयरच्या पहिल्या सहा-सात महिन्यांत येईल असा महिना निवडा. आणि 'नंतर आणखी घेऊ' असा विचार असेल तर नंतरचं काँट्रॅक्टही त्याच यूज इयरचं शोधा. वेगळं आलं की सभासदत्व वेगळं होतं, दोन्हीकडचे पॉइंट सरळ एकत्र करता येत नाहीत. म्हणजे यूज इयरचा निर्णय एकदाच होतो. पॉइंट वाढवता येतात, हा महिना बदलता येत नाही.

(नेपरव्हिल, इलिनॉय)

• • •

नेपरव्हिलच्या ताई, वडील बरे झाले हे वाचून बरं वाटलं. आमच्याही घरी यूज इयर जूनच आहे. आजच तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिली.

(ह्यूस्टन)

• • •

आम्ही कॅलिफोर्नियातले, त्यामुळे आमचा प्रश्न पॉइंट किती यापेक्षा कुठले हा होता. आपल्या होम रिसॉर्टचं, म्हणजे ज्या रिसॉर्टचे पॉइंट घेतले त्याचं, बुकिंग अकरा महिने आधी उघडतं, बाकीच्या ठिकाणी सात महिने आधी. ऑरलँडोत रिसॉर्ट पुष्कळ, त्यामुळे सात महिन्यांतही काहीतरी मिळतं. इथल्या डिस्नेलँडजवळ, अॅनहाइमच्या ग्रँड कॅलिफोर्नियनला खोल्या इतक्या कमी की सात महिन्यांना शाळेच्या सुट्टीत काहीच उरत नाही. स्वस्त पडतात म्हणून आम्ही साराटोगाचे २०० घेतले होते. तीन वर्षं अॅनहाइमसाठी वाट बघत बसलो. शेवटी त्यांतले १०० विकले आणि ग्रँड कॅलिफोर्नियनचे ८० महागात घेतले. आता दर वर्षी हव्या त्या तारखेला गाडीने जातो.

नव्या रिसॉर्टबद्दलही सांगतो. रिव्हिएरा आणि डिस्नेलँड हॉटेलचे व्हिला रिसेलमध्ये घेतले, तर ते पॉइंट तिथेच वापरावे लागतात. आणि जुन्या रिसॉर्टचे पॉइंट २०१९च्या जानेवारीनंतर रिसेलमध्ये घेतले असतील, तर ते या नव्या ठिकाणी चालत नाहीत. पुढे तिथे राहायची इच्छा असेल तर आजच्या आकड्यात हा विचार हवा.

(फ्रीमाँट)

• • •

मी वेगळ्याच कंपनीचा अनुभव लिहितो, नाव घेत नाही. न्याहारीचं आमंत्रण होतं, नव्वद मिनिटं म्हणाले, साडेतीन तास बसवलं. "आजच घेतलेत तर हा भाव, उद्या नाही." आम्ही गरजेच्या दुप्पट पॉइंटवर सही करून आलो, तेही त्यांच्याच कर्जावर. व्याजाचा दर दोन आकडी होता. रात्री हॉटेलात बायकोला झोप लागेना. तिने कागद पुन्हा वाचायला घेतले आणि पहाटे मला उठवलं. फ्लोरिडाच्या कायद्याने दहा दिवसांत करार रद्द करता येतो. आम्ही चौथ्या दिवशी लेखी पत्र पोस्टाने पाठवलं, पोचपावती ठेवली, पैसे परत आले.

पॉइंट कितीही घ्या, पण कर्ज काढून घेऊ नका, एवढंच मनापासून सांगतो. रोख जेवढे झेपतील तेवढेच आत्ताचे पॉइंट, बाकीचे नंतरचे.

(टँपा)

• • •

विकणाऱ्याची बाजू. आम्ही सोळा वर्षांनी अमेरिकेतून पुण्याला परत आलो. निघताना दोन काँट्रॅक्ट होती, १६० आणि ७०. मुलीच्या कॉलेजच्या सुट्टीसाठी म्हणून ती ठेवून आलो. पण इथून ऑरलँडोला जाणं होत नाही. तीन वर्षं भाड्याने दिली, ड्यूज सुटले. मग विकायला काढली. ७०चं आठवड्याभरात गेलं. १६०ला दोन महिने लागले आणि भाव उतरवावा लागला. एकच २३०चं असतं तर आणखी रेंगाळलं असतं, असं वाटतं. शार्लटचे दादा म्हणतात तसे तुकड्यांना पैसे जास्त पडतात, हे खरं. पण परत यायची शक्यता असेल तर दोन भाग असलेले बरे. एक विकून एक ठेवता येतं.

आणखी एक. आम्ही ग्रीन कार्ड परत केल्यावर विकलं. परदेशी विक्रेत्याच्या रकमेतून अमेरिकी कायद्याने १५ टक्के कर कापून ठेवतात. विवरणपत्र भरून तो परत मागता येतो, पण तोवर पैसे अडकून राहतात. परत यायचं ठरलं असेल तर विक्री तिथे असतानाच उरकावी.

(पुणे, कोथरूड)

• • •

इथे पॉइंट नाहीत, पण गोष्ट तीच. सासऱ्यांनी नाशिकला एका हॉलिडे कंपनीचं पंचवीस वर्षांचं सभासदत्व घेतलं, स्वस्तातल्या सीझनचं. पुढे नातवंडं आली की वरच्या सीझनचं करून घेऊ म्हणाले. नातवंडं आली, त्यांच्या शाळा सुरू झाल्या, आणि सुट्टी मिळते ती फक्त मे महिन्यात आणि दिवाळीत. तेव्हा वरच्या सीझनचा फरक नव्या भावाने मागितला. आज सासरे-सासूबाई दोघंच पावसाळ्यात जाऊन येतात. मुलं लहान असतील तर शाळा सुरू झाल्यावर कोणत्या तारखा मिळतील, ते धरूनच हिशोब करा.

(नाशिक)

• • •

माझं वय ५८. मी २०४२ला संपणारं बोर्डवॉक रिसॉर्टचं काँट्रॅक्ट घेतलं, १२० पॉइंटचं. पन्नास वर्षं चालणाऱ्या काँट्रॅक्टचे पैसे मी कशाला मोजू? तुम्ही तरुण आहात, तुमचा हिशोब वेगळा.

(अटलांटा)

• • •

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री वहीचं पान उलटलं आणि डॅलसच्या ताईंनी सांगितलं तसं तीन वर्षांचं कोष्टक मांडलं. पहिलं वर्ष आमची सुट्टी, १५०. दुसरं वर्ष भारत, ०. तिसरं वर्ष सासू-सासरे. त्यांच्यासाठी स्प्रिंग ब्रेकऐवजी ऑगस्टअखेरचे पाच दिवस घेतले, आमच्याकडे शाळा सप्टेंबरात सुरू होतात. तेव्हा टू बेडरूमला अडीचशेच्या आत बसतं. तिन्ही मिळून चारशे, भागिले तीन. एकशे तेहतीस आले. नवरा म्हणाला, "म्हणजे २२० आपण कुणासाठी लिहिले होते?"

साराटोगाचं, डिसेंबर यूज इयरचं १३० पॉइंटचं एक काँट्रॅक्ट रिसेलमध्ये दिसलं. आज ऑफर दिली, रोख. विकणाऱ्याने मान्य केली तर पुढे डिस्ने कंपनी स्वतः त्याच भावाने ते घेऊ शकते, त्यामुळे महिनाभर वाट बघायची तयारी आहे. धाकटी दहा वर्षांची झाली की ५०-६० वाढवायचे का, ते तेव्हा बघू. यूज इयर मात्र डिसेंबरच शोधू.

आता एकच शंका उरली आहे. सासऱ्यांचा गुडघा दुखतो आणि साराटोगा खूप पसरलेलं आहे असं ऐकते. वयस्कर माणसांना घेऊन तिथे राहिलेल्यांनी कोणता भाग मागून घ्यावा ते लिहाल का?

(एडिसन)