राणी माशी आणि काळा पतंग, दोन्ही 'बहुरूपता'च?

कोषस्थ:
तपासायला आलेल्या एका लेखात मधमाशीची राणी आणि कामकरी यांना 'बहुरूपता' म्हटलं होतं. मी लाल रेघ मारली. जनुकशास्त्रज्ञ ई. बी. फोर्डने १९४० मध्ये बहुरूपतेची व्याख्या केली ती जनुकांमुळे वेगळ्या पडणाऱ्या रूपांची. राणी आणि कामकरी तर एकाच प्रकारच्या अंड्यातून येतात, फरक पडतो अळीच्या आहाराने. हा पॉलीफेनिझम, म्हणजे त्याच जनुकांतून परिस्थितीनुसार निघणारी ठळक वेगळी रूपं. मराठी शब्द सुचला तर सांगा, पण दोन्हींना एकच लेबल नको.

खडूस_वाचक:
काथ्याकूट! दोन रूपं दिसली की कारण लगेच कुठे कळतं? त्यासाठी पैदास करून बघावी लागते. तोवर काय, बिनानावाचं ठेवायचं? बहुरूपता म्हणा, कारण कळलं की मागे 'जनुकीय' किंवा 'परिस्थितीजन्य' लावा.

कोषस्थ:
विशेषण लावतं कोण? 'पेपर्ड मॉथ' घ्या, एरवी फिकट, ठिपक्यांचा पतंग. मँचेस्टरला १८४८ साली काळा पतंग नोंदला गेला, नंतर कारखान्यांच्या काजळीत काळ्यांचं राज्य झालं, आणि हवा स्वच्छ झाल्यावर ते ओसरायला पुन्हा कित्येक पिढ्या गेल्या. रंग जनुकात होता म्हणून इतका वेळ. परिस्थितीने ठरत असता तर एका पिढीत पालटला असता. गंमत म्हणजे त्याच पतंगाची अळी फांदीचा रंग बघून हिरवी किंवा तपकिरी होते, मधल्या छटांसकट! छटा सलग असल्याने तिला पॉलीफेनिझमही म्हणवत नाही, नुसती लवचिकता म्हणावी लागते.

मावा_मारके:
तुम्ही दोघं प्रजातीला लेबल चिकटवताय. वाटाण्यावरचा मावा बघा. गर्दी झाली की बिनपंखी मादी पंखवाल्या मुली जन्माला घालते. जनुकं तीच, आईची नक्कलच म्हणा ना. पण नराला पंख असणार की नाही हे त्याच्या एक्स गुणसूत्रावरची एक जागा ठरवते. पंख तेच, मादीत पॉलीफेनिझम, नरात बहुरूपता. कोषस्थ, तुमची रेघ बरोबर, पण ती प्रजातींच्या मधून नाही, माव्याच्या पोटातून जाते.

खडूस_वाचक:
बरं, राणी माशीपुरता मी मागे हटतो. पण माव्याच्या काही वाणांत गर्दीला भरपूर पंख फुटतात, काहींत जेमतेम. म्हणजे गर्दी ओळखायची खोडही वारशानेच आली की! आता तिला कुठल्या खणात टाकणार?

कोषस्थ:
त्याला चौथा शब्द आहे. सांगितला तर तुम्ही परत काथ्याकूट म्हणाल.