रडणं म्हणजे विश्वास कमी पडणं नव्हे

या चर्चेत दोघांनी लिहिलंय की विश्वास पक्का असेल तर संकटात मन आपोआप शांत राहतं, तक्रार ओठावर येतच नाही. प्रार्थनेनं बळ मिळतं हे मलाही मान्य, पण तक्रारीचं नाही पटत. बायबलातल्या 150 स्तोत्रांपैकी कितीतरी विलापाचीच आहेत. 13वं स्तोत्र उघडून बघा, पहिल्या दोन वचनांतच "कुठवर?" असं चार वेळा देवाला विचारलंय. तिथं शेवटी निदान गाणं तरी येतं. 88वं तर अंधारातच संपतं. आणि वधस्तंभावर येशूनं "माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" असा टाहो फोडला, ते 22व्या स्तोत्राच्या सुरुवातीचेच शब्द.

2021 च्या एप्रिलमध्ये इथं सोलापुरात वडील ऑक्सिजनवर होते. आई दवाखान्यासमोर झाडाखाली घरचीच चादर अंथरून बसलेली. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एक मावशी कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन रोज यायच्या. "धीर धर, देवाची इच्छा" असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. जरा अंतरावर बसून 13वं स्तोत्र सावकाश वाचायच्या आणि प्रत्येक "कुठवर"पाशी थांबायच्या. आई तिथं मोकळी रडायची, मग दोन घास खायची. वडील गेले. त्यानंतरही मावशी घरी येत राहिल्या, पण त्या स्तोत्राची शेवटची गाण्याची ओळ त्यांनी वाचली नाही, आईवर सोडली. आईनं ती स्वतःहून वाचली नाताळच्या आदल्या रात्री.