माळ्यावर बाबांच्या ८४ कॅसेटी सापडल्यात, भंगारात देऊ देणार नाही, पण करू काय?

गंगेवरची
नमस्कार मंडळी. दिवाळीची साफसफाई म्हणून माळा काढला तर मागच्या कोपऱ्यात बाबांची पत्र्याची ट्रंक सापडली, आत कॅसेटी, खाली बसून मोजल्या तर ८४ भरल्या. बाबा नाशिकरोडला प्रेसमध्ये होते, नाईट करून आले की आधी चहा नाही, आधी टेप लावायचे. त्यांचा एक फोटो आहे आमच्याकडे, सोमेश्वरच्या धबधब्यावर बेलबॉटम घालून उभे आहेत आणि खांद्यावर हा एवढा मोठा टू-इन-वन (रेडिओ आणि टेप एकत्र), जसं काही पोरगंच उचललंय. तो टू-इन-वन कधीच गेला, बाबांना जाऊन पण ६ वर्षं झाली.

भाऊ म्हणतो सगळी गाणी मोबाईलवर आहेत, जागा अडवून ठेवू नको, देऊन टाक. पण मी एकेक कॅसेट उघडून बघितली. ५०-६० तर सिनेमाच्या गाण्यांच्या आहेत, मेनरोडवरून भरून घेतलेल्या (मी स्वतः बाबांचं बोट धरून गेलेले आहे तिथे, यादी खिशात घडी करून). काहींवर रेडिओवरची 'आपली आवड' आहे. ११ कॅसेटींवर "वसंत व्याख्यानमाला" आणि वर्ष लिहिलंय, म्हणजे बाबा मे महिन्यात गंगेवर (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो) पटांगणात टेप मांडीवर घेऊन बसायचे ते आई सांगते ते खरंच होतं. आणि एक कॅसेट, निळ्या पेनाने बाबांच्या अक्षरात, "आई, जात्यावरच्या, निफाड, मे १९८६".

आजी ८९ साली गेली, मी तेव्हा वर्षाची होते. तिचा आवाज मी कधी ऐकलेलाच नाहीये.

तर विचारायचं हे की वाजवायची कशावर, कारण घरात आता काहीच नाही, आणि काही कॅसेटींच्या रिळावर पांढरं पांढरं आलंय ते काय आहे? आजीच्या कॅसेटवर पण थोडं आहे. हात लावायलाच भीती वाटतेय.

टेपरेकॉर्डर_मेकॅनिक
ताई, सगळ्यात आधी हात जोडून सांगतो, ती निफाडची कॅसेट मिळेल त्या टेपमध्ये घालून लावू नका. मी भद्रकालीत २० वर्षं टेप रिपेअर केलेत, अशा कितीतरी कॅसेटी लोकांनी हौसेने घरी लावल्या आणि रोलरभोवती गुंडाळून माझ्याकडे आणल्या. आजकाल ऑनलाइन मिळतात ते स्वस्तातले छोटे प्लेअर तर बिलकुल नको, त्यांची स्पीडच नीट नसते. जुना चांगला कॅसेट डेक शोधा, त्याचे बेल्ट बदलून घ्या कारण रबर इतक्या वर्षांत चिकट होऊन वितळतं, रोलर आणि हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापसाच्या काडीवर घेऊन पुसा, आणि आधी बिनकामाची एखादी कॅसेट लावून बघा, ती नीट चालली तरच पुढचं.

पांढरं आहे ती बुरशी. नाशिकचा पाऊस आणि बंद पत्र्याची पेटी, दुसरं काय होणार. तोंडाला मास्क लावा, बुरशीवाल्या कॅसेटी बाकीच्यांपासून वेगळ्या ठेवा, कारण एक लावली की हेडवर बसते आणि पुढच्या सगळ्यांना लागते. बाजूला ५ स्क्रू असतील तर नशीब चांगलं, उघडून रीळ मऊ कोरड्या कापडावरून हळू हळू फिरवून साफ करता येतं. स्क्रू नसलेली चिकटवलेली असेल तर कवच फोडून रीळ दुसऱ्या स्क्रूवाल्या कॅसेटमध्ये टाकावं लागतं, हे काम सवय नसेल तर करू नका. आणि मधोमध पत्र्याच्या पट्टीवर तो इवलासा नमद्याचा तुकडा असतो ना, तो बघा जागेवर आहे का. तो रीळ हेडला दाबून धरतो. गळून पडला असेल तर आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा येतो आणि लोकांना वाटतं रेकॉर्डिंगच गेलं.

अजून एक, वाजवायच्या आधी वरच्या कडेच्या खिट्ट्या तोडून टाका. कॅसेटची जी साइड तुमच्याकडे तोंड करून आहे तिची खिट्टी डावीकडची. चुकून लाल बटन दाबलं गेलं तर १९८६ चा आवाज एका सेकंदात पुसला जाईल. कॉम्प्युटरमध्ये घेताना डेकच्या लाइन आऊटमधून लाइन इनला वायर टाका, माइकच्या भोकात नको, तिथे आवाज फाटतो. ऑडॅसिटी नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे. वेव्ह फाईलमध्ये ठेवा, मिनिटाला साधारण १० एमबी, म्हणजे ६० मिनिटांची कॅसेट ६०० एमबी. आणि तासाच्या कॅसेटला तासच लागतो, घाई नाही करता येत.

रविवार_कारंजा
ताई तुम्ही मेनरोड म्हटलं आणि मी सकाळपासून दुकानातच आहे बघा. दहावीनंतर २ वर्षं मी अशाच एका दुकानात कॅसेट भरायला होतो, १९९० च्या आसपास. गिऱ्हाईक यादी घेऊन यायचं, वहीच्या पानावर, आणि आम्ही आधी मिनिटं मोजायचो, कारण ६० च्या कॅसेटला एका साइडला ३० मिनिटं, त्यात साधारण ७ गाणी बसायची, आठवं घुसवलं तर कडव्यात तुटणार. काही जण म्हणायचे तुटू दे पण टाक. काही जण असे यायचे की गाण्यांचा क्रम सुद्धा लिहून आणायचे, हे आधी, मग हे, बी साइडच्या शेवटी हेच पाहिजे, आणि तो क्रम चुकला तर परत घेऊन यायचे. कोण कोणासाठी भरून नेतंय ते आम्हाला यादीवरूनच कळायचं, आम्ही कधी कुणाला बोललो नाही. रेकॉर्डवरून असं भरून देणं कायद्यात बसत नव्हतं हे मला फार नंतर कळलं, तेव्हा तर प्रत्येक चौकात एक दुकान होतं.

९० ची कॅसेट मागितली की मालक स्वतः समजवायचे की बाबा रे तिचं रीळ पातळ असतं, गुंतलं की गेलं, ६० च्या दोन घे. बघा, तुमच्या बाबांच्या बहुतेक ६० च्याच असतील.

सिडकोवाला
मला तुमच्या भावाचं अर्धं पटतं. सिनेमाची गाणी खरंच सगळी आहेत नेटवर आणि याच्यापेक्षा स्वच्छ आहेत, त्या ५०-६० कॅसेटी साफ करण्यात वर्ष जाईल आणि तोपर्यंत महत्त्वाच्या ज्या १२ आहेत त्यांची बुरशी वाढेल. आधी आजी, मग व्याख्यानं. ती व्याख्यानं दुसऱ्या कुणाकडे असतील की नाही काय माहीत, झाली की व्याख्यानमालेच्या लोकांना आणि सार्वजनिक वाचनालयात जाऊन विचारा.

आणि ओव्यांबद्दल, हेमा रायरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावातून बायकांच्या जात्यावरच्या १ लाखाच्या वर ओव्या गोळा केल्यात, त्यातल्या बऱ्याच 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) साइटवर आहेत, ऐकून बघा. निफाडच्या एका आजीच्या ओव्या घरातल्याच माणसाने ८६ साली टेप करून ठेवल्या ही लहान गोष्ट नाहीये.

रविवार_कारंजा
सिडकोवाला भाऊ, गाणी नेटवर आहेत, मान्य, पण यादी नाहीये ना. कोणत्या गाण्यानंतर त्या माणसाला कोणतं गाणं ऐकावंसं वाटलं ते फक्त त्या कॅसेटवर आहे. ताई, काहीच जमलं नाही तर निदान प्रत्येक कॅसेटच्या आतल्या कागदाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा, १० मिनिटांचं काम आहे.

सराफबाजार
२००८ च्या पुरात आमच्या तळमजल्यावर पाणी आलं, गाळात माखलेल्या कॅसेटी मी दुसऱ्या दिवशी स्वतःच्या हाताने घंटागाडीत टाकल्या. त्यात वडिलांनी टेप केलेला आमच्या मुंजीचा दिवस होता, गुरुजी, बायकांचा गलका, सगळं. पुढे ३-४ वर्षांनी कळलं की भिजलेली कॅसेट उघडून स्वच्छ पाण्याने धुवून सावलीत वाळवली की बऱ्याचदा वाचते, फक्त उन्हात ठेवायची नाही आणि ड्रायर मारायचा नाही. हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर. म्हणून इथे लिहून ठेवतोय, कुणाला तरी लागेल. रसरंगचे अंक पण गेले त्यातच, 'गावकरी' दैनिकवाल्यांचं ते सिनेमाचं साप्ताहिक नाशिकमधूनच निघायचं, आईने वर्षानुवर्षं जपलेले गठ्ठे होते.

गंगेवरची
मंडळी, २ आठवड्यांनी येतेय, सॉरी. पंचवटीत आईच्या मैत्रिणीकडे डेक मिळाला, बेल्ट बदलून घेतले, आणि मेकॅनिक काका स्वतः घरी आले, पैसे घ्यायला तयार नाहीत, फक्त चहा घेतला. कॅसेट स्क्रूची होती. नमद्याचा तुकडा खरंच गळलेला होता, त्यांनी दुसऱ्या कॅसेटचा काढून बसवला. आधी आवाज एकदम दबका येत होता, मग त्यांनी हेडच्या बाजूचा बारीकसा स्क्रू केसभर फिरवला आणि एकदम जात्याची घरघर खोलीत आली, आई होती तिथेच मटकन खाली बसली.

आजीचा आवाज माझ्या आत्यासारखा आहे. जरा घोगरा, ओवीच्या शेवटी खाली उतरतो. ए साइड पूर्ण भरलीये, भावाचं नाव येतं तिच्या भावाचं, बाजारचं, पंढरीचं, आणि एका ओवीत बाबांचं नाव घेऊन प्रेसच्या नोकरीचं सुद्धा आहे, म्हणजे ती तिने स्वतःच रचलेली असणार. बी साइडला ८-९ मिनिटांनी ती थांबते. मग बाबांचा आवाज येतो, तरुण, मी कधी न ऐकलेला, "आई, थांबू नको गं, अजून फीत आहे." आणि ती म्हणते, "अरे दळण संपलं."

त्यानंतर बाबांनी टेप बंद केलेला नाही. २० मिनिटं नुसत्या चिमण्या आहेत, सूप पाखडल्याचा आवाज, कुणीतरी बादली ठेवतं. काका म्हणाले हे रिकामं कापून टाकू का, फाईल लहान होईल. भाऊच म्हणाला, नको, राहू द्या.

कागदांचे फोटो काढून झालेत, सगळ्या ८४ चे. रविवारपासून व्याख्यानमालेच्या घेतोय, ७ कॅसेटींवर बुरशी आहे, काका साफ करून देणार आहेत.