मदत हवी आहे: जुना फुजीफिल्म एक्स१० कॅमेरा घ्यावा का?

नमस्कार मंडळी. ओळखीतल्या काकांचा फुजीफिल्म एक्स१० मिळतोय, २०११ चं मॉडेल. हाताने फिरवायचा झूम, कमी उजेडातही चालणारी एफ/२ ची लेन्स, डोळा लावून बघायचा व्ह्यूफाइंडर... हातात घेतल्यापासून खाली ठेववत नाही. पण सुरुवातीच्या सेन्सरचा (प्रकाश टिपणाऱ्या चिपचा) दोष तुम्हाला ठाऊक असेल: दिवे, गाडीवरची चमक असे प्रखर ठिपके कोरून काढल्यासारख्या पांढऱ्या चकत्या होऊन उमटतात. कंपनीने २०१२ मध्ये सेन्सर बदलून दिले होते. काकांना मात्र बदलल्याचं आठवत नाही. आणि मला तर दिवाळीच्या पणत्याच टिपायच्या आहेत! काळोखात पणतीचे दोन-चार फोटो काढून सेन्सर कोणता ते खात्रीने कळेल का? डायनॅमिक रेंज (प्रखर भागातले तपशील वाचवणारी सेटिंग) ४०० वर ठेवली तर चकत्या कितपत कमी होतात? वापरलेल्यांनी कृपया सांगा, रविवारी काकांना उत्तर द्यायचंय.